सीनाकाठचे वीरगळ पिचिंगमध्ये गेले, त्याबद्दल खुलं पत्र

प्रति,
जुन्या वास्तूंची, घाटाच्या कामांची आणि देवळांच्या फंडाची जबाबदारी ज्यांच्या ज्यांच्याकडे आहे ते सगळे साहेब आणि मॅडम,
आमच्या भागाचे लोकप्रतिनिधी,
आणि माझ्या माहेरची देवस्थान कमिटी व ग्रामपंचायत

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी सोलापुरात डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवते, 22 वर्षं झाली. लोकांचे अर्ज, तक्रारी, लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं सगळं टाईप करून देते, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा ते मला माहितीय. गावचे वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, घाटाच्या पिचिंगमध्ये, म्हणजे काठाला दगड लावायच्या कामात, गेले त्या विषयावर तीन अर्ज मी रीतसर दिले, पोच घेतली, पोचेवर शिक्के आहेत. आता चौथा अर्ज देत नाही, हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अर्ज फाईलला लागतो आणि तिथंच राहतो, आणि मला जे सांगायचंय ते साहेबांबरोबरच सीनेच्या न् भीमेच्या काठावरच्या प्रत्येक गावातल्या माणसानं वाचावं असं वाटतंय.

माझं माहेर सीनाकाठचं, सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर. गावाचं नाव इथं मुद्दाम घालत नाही. गावातली माणसं माझीच आहेत, त्यांची बदनामी मला करायची नाही, आणि जे आमच्याकडं झालं ते कितीतरी गावात झालंय किंवा होणाराय. अर्जात गावाचं नाव, गट नंबर, फोटो सगळं दिलंय, ज्यांना बघायचंय त्यांनी ते बघावं.

आमच्या गावात नदीच्या वरच्या अंगाला महादेवाचं जुनं देऊळ आहे. काळ्या पाषाणाचं, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं, आत गेलं की उन्हाळ्यात पण गार लागतं. देवळाच्या उजव्या हाताला पिंपळाचा पार आणि पाराला टेकवून सात वीरगळ उभे होते आणि एक सतीशिळा. गावात त्यांना नुसतं वीर म्हणतात, "वीराला नारळ फोडला का" असं. लहानपणी मला त्यातलं काही कळायचं नाही पण एका दगडावरच्या गायी मोजायला आवडायचं, पाच गायी होत्या, पाचवीचं तोंड झिजलेलं. आजी सांगायची की हा माणूस गावची गुरं चोर नेत होते तेव्हा आडवा गेला आणि मेला. नंतर कधीतरी एका व्याख्यानात ऐकलं की वीरगळाची मांडणीच तशी असते, खालच्या पट्टीत वीर पडलेला किंवा गुरं, त्याच्या वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, डोक्यावर चंद्र सूर्य, म्हणजे जोवर चंद्र सूर्य आहेत तोवर याचं नाव राहील. आजी शाळेत गेली नव्हती पण तिनं दगड बरोबर वाचला होता. सतीशिळेवर कोपरात वाकलेला हात आणि हातात बांगड्या. लग्न होऊन मी निघाले तेव्हा आईनं माझी ओटी त्या हातापुढंच भरली. त्या बाईचं काय झालं असेल याचा विचार मी खूप नंतर केला, आणि तो विचार आला तेव्हापासून तो दगड मला जास्तच आपला वाटायला लागला.

2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेला जो पूर आला तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. माझ्या वडिलांचं वय 78, त्यांनी पण असं पाणी कधी बघितलं नव्हतं. घरात पाणी, गोठ्यात पाणी, रानातली माती वाहून गेली, माझ्या चुलतभावाची ऊसाची दोन एकर जमीन आज पण नुसता खडक दिसतो. देवळात नंदी गळ्यापर्यंत गाळात होता. म्हणून आधीच सांगते, माणसांच्या आधी दगड बघा असं मी म्हणत नाहीये. मदत आधी माणसांना, जनावरांना, रानांना, यात दुमत नाही.

पण पूर ओसरल्यावर घाटाच्या दुरुस्तीचं काम निघालं. घाट खचला होता, काम गरजेचंच होतं. जेसीबी आला, गाळ ओढला, आणि पाराजवळचे दगड पुरानं आडवे झालेले होते ते पण गाळाबरोबर ओढले गेले. मी मार्गशीर्षात गावाला गेले तर पार मोकळा. मला आधी वाटलं कुणीतरी उचलून देवळात नेऊन ठेवले असतील. देवळात बघितलं, नाहीत. गुरवकाकांना विचारलं तर ते काही बोलले नाहीत, नुसता घाटाकडं हात केला.

घाटाच्या डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या पायरीच्या शेजारी नवीन पिचिंग केलंय, तिथं मला गायी दिसल्या. दगड आडवा घातलाय, अर्धा सिमेंटच्या आत, गायींची पट्टी बाहेर. चारच गायी दिसतात, पाचवी सिमेंटखाली गेली. तिच्या अलीकडं दुसरा दगड आहे, त्याची फक्त कलशाची कड दिसते, म्हणजे कोरलेली बाजू आत आहे की बाहेरून छिन्नी मारलीय ते कळत नाही. तिसरा एक मला खात्रीनं ओळखता आला. बाकीचे चार वीर आणि सतीशिळा कुठं आहेत ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मिस्त्रीला फोन केला, तो बिचारा सरळ म्हणाला, ताई, चांगले घडीव दगड होते, वाया कशाला घालवायचे, कुणी नको म्हणून सांगितलं असतं तर हात लावला नसता. त्याचं बरोबर आहे. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एस्टिमेटमध्ये नव्हतं, वर्क ऑर्डरमध्ये नव्हतं, साईटवर येऊन गेलेल्या इंजिनिअरसाहेबांच्या बोलण्यात नव्हतं.

हे झालं घाटाचं. आता देवळाचं.

देवळाच्या दाराला लागून डाव्या भिंतीत एक उभा लेख आहे. साधारण माझ्या खांद्याएवढा उंच दगड, वर चंद्र सूर्य, खाली गाय वासरू, आणि मधे बारा ओळी. या बारा ओळी कुणी वाचलेल्या मला माहीत नाहीत. अक्षरं जुन्या कन्नडची वाटतात असं एका जाणकारांनी माझे फोटो बघून सांगितलं, पण फोटोवरून वाचता येणार नाही, ठसा घ्यावा लागेल म्हणाले. ठसा म्हणजे दगड स्वच्छ करून त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षराच्या खाचेत घालायचा आणि वाळत आला की शाई फिरवायची, खाचा पांढऱ्या राहतात आणि बाकी काळं होतं. साधं काम आहे, पण त्याला खाचा मोकळ्या पाहिजेत. आमच्या खाचा मोकळ्या नाहीत. गेल्या काही वर्षांत देवळाला दोनदा ऑइल पेंट दिलाय, आधी पिवळा आणि आता सिल्व्हर, आणि तो लेखावर पण फिरवलाय. मी नखानं एका अक्षराच्या कडेचा पेंट काढून बघायला गेले तर पेंटबरोबर दगडाचा बारीक पोपडा आला. मी हात मागं घेतला. परत हात लावला नाही. दगडात ओल असते, ती बाहेर पडायला वाट लागते, वरून पेंट दिला की ओल आत कोंडते आणि वरचा थर सुटायला लागतो, हे मला तेव्हा डोळ्यानं दिसलं.

आणि आता जीर्णोद्धाराच्या फंडातून दाराला लोखंडी ग्रील बसवलंय. त्या ग्रीलची बिजागरी बसवायला ड्रिल मारलंय, दोन भोकं. एक भोक चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधे आहे, दुसरं सरळ नवव्या ओळीत. नवव्या ओळीतली तीन अक्षरं तरी गेली असतील. आठशे किंवा नऊशे वर्षं जी ओळ ऊन, पाऊस, पूर सगळ्यातून टिकली ती पाच मिनिटात गेली, आणि आता ती अक्षरं काय होती हे कुणालाही कधीच कळणार नाही कारण त्याच्याआधी कुणी ठसा घेतलेला नाही. माझं रोजचं काम अक्षरांचं आहे. एखाद्याच्या सातबाऱ्याच्या उताऱ्यात एक अक्षर चुकलं तर माणूस सहा महिने चकरा मारतो, मग इथं तर अख्खी ओळ गेली.

आता मी कुठं कुठं गेले ते सांगते. ऑफिसची नावं घेत नाही. पहिल्या ठिकाणी सांगितलं, हे देऊळ संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही त्यामुळे आमच्याकडं येत नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आम्ही फक्त बांधकाम बघतो, दगडाचं काय ते त्यांना विचारा. तिसऱ्या ठिकाणी एक मॅडम चांगल्या होत्या, बसवून घेतलं, फोटो बघितले, हळहळल्या, आणि म्हणाल्या की नोंदच नाहीये हो, कुठल्या रजिस्टरला काय लिहायचं. मी त्या दिवशी एसटी स्टँडवर बसून खूप वेळ तोच विचार करत होते. सात दगड पिढ्यान् पिढ्या गावात उभे होते, अख्खं गाव त्यांना नारळ फोडत होतं, पण कागदावर ते कधीच नव्हते. त्यामुळे ते गेले तेव्हा कागदावर काहीच गेलं नाही.

साहेब, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. आधी नोंद करा, मग काम काढा.

संरक्षित जागांचं कसं चाललंय ते मला माहीत आहे. सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्राच्या ताब्यात आहे, 1958 चा कायदा त्याला लागतो, शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही, त्यापुढं दोनशे मीटर परवानगी घेऊन. राज्याचा 1960 चा कायदा आहे. चांगले कायदे आहेत. पण ते यादीतल्या जागांसाठी, आणि आमच्या जिल्ह्यातलं बरंचसं जुनं यादीच्या बाहेर पडलेलं आहे, पारावर, वेशीत, विहिरीच्या काठावर, शाळेच्या कंपाऊंडला, कुणाच्या गोठ्याच्या उंबऱ्याला. तरी 1972 चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांवरच्या मूर्तीला आणि कोरीव लेखाला पुरावशेष म्हणतोच की. म्हणजे "आमच्याकडं येत नाही" हे उत्तर पूर्ण खरं नाही, कुणाकडं तरी ते आलंच पाहिजे.

कुडलची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते. भीमा आणि सीना मिळतात तिथं, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडल. माझी मुलगी दहावीला होती तेव्हा तिला घेऊन गेले होते. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर लेख आहे, एका म्हाताऱ्या बाबांनी मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून दाखवला, उजेड सरळ मारला तर अक्षर दिसत नाही, तिरपा मारला की खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. वाछि तो विजेया होईवा. जो वाचील तो विजयी होईल. शके 940, म्हणजे 1018 साल. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे ही ओळ तिच्या 272 वर्षं आधीची, आणि माझ्या पोरीनं ती टॉर्चच्या उजेडात एकेक अक्षर लावत वाचली, होईवा म्हणजे व्हावा का गं आई म्हणून विचारलं. तिला सांगायला लागलं नाही की ही आपली भाषा आहे. शेजारी हरिहरेश्वराचं देऊळ तर मातीच्या ढिगाऱ्याखाली होतं, 1999 मध्ये तो ढिगारा काढला तेव्हा ते बाहेर आलं, आणि त्यातच ते 359 मुखांचं शिवलिंग मिळालं. तोवर तिथं फक्त टेकाड होतं. तो ढिगारा जेसीबीनं भरावासाठी उचलला असता तर? कुडलचा लेख जगासमोर आला तो सोलापूरच्या आनंद कुंभारांसारख्या माणसामुळं, ज्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दगड बघितले, ठसे घेतले, लिहून ठेवलं. ते फिरले म्हणून ते टिकलं. 2024 च्या 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, माझ्या दुकानात सुद्धा वाटले. भाषा जुनी आहे हे सांगायला असेच दगड लागतात, आणि त्यातला एकेक आपण सिल्व्हर पेंटखाली घालतोय.

कोकणाचं पण सांगते, कारण तिथं माझी नणंद दिलीय, रत्नागिरीला. आमच्यासारखंच खेड्यापाड्यातलं, फक्त नदीऐवजी समुद्र. तिथं जांभ्या दगडाचे मोठे माळ आहेत, त्याला सडा म्हणतात, आणि त्या सड्यावर जमिनीतच कोरलेली चित्रं आहेत, कातळशिल्पं. कशेळीला एक हत्ती आहे, अंदाजे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आणि त्या एका हत्तीच्या पोटात बाकीची कितीतरी जनावरं. आपल्या घराच्या अंगणात मावणार नाही एवढा हत्ती. गावातल्या लोकांना ठाऊक होतं की सड्यावर काहीतरी रेघा आहेत, कुणी म्हणायचं पांडवांनी काढलं, कुणी तिथं देव मानायचं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्यासोबतची मंडळी सडे पालथे घालत हिंडली, गुराख्यांना विचारलं, एकेक चित्र माती न् गवत काढून मोजलं, नोंद केली. आणि 2022 मध्ये उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ अशा गावांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीला मी उभी राहून बघितलंय, भोवती कठडा आहे, कुणी त्यावरनं गाडी घालू शकत नाही. तिथं पण चिरेखाणी आहेत, रस्ते आहेत, सगळं सुरक्षित झालंय असं मी म्हणत नाही. पण आता तिथं कुणी मशीन लावलं तर दहा माणसं विचारतात. कारण कागदावर आहे. आमच्या सात वीरांसाठी विचारायला कोण होतं?

जलदुर्गांचं बघा, 2025 च्या जुलैमध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी असे समुद्रातले न् समुद्रकाठचे किल्ले रायगड, शिवनेरीबरोबर जागतिक वारसा झाले, एकूण बारा किल्ले. मला फार आनंद झाला, खरंच झाला. पण मोठ्या किल्ल्यावर महाराजांचं नाव आहे, त्याला विचारणारे लाखो आहेत. आमच्या वीराचं नाव कुणालाच माहीत नाही. तो गावाची पाच गुरं वाचवायला मेला. त्याच्यासाठी फक्त गाव आहे आणि तुम्ही आहात.

आता आमच्या कमिटीतल्या काकांशी आणि दादांशी बोलते. तुम्ही देवळासाठी किती केलंय ते मला माहितीय. वर्गणीला दारोदार फिरलात, पुरानंतर स्वतः गाळ काढलात, त्यात माझा सख्खा भाऊ पण होता. पेंट देताना तुमच्या मनात देवाला नटवायचंच होतं. पण अण्णा, महादेवाला पेंट लागत नाही हो. आणि आता सभामंडपात टाइल्स घालायचं न् खांब सँडब्लास्टिंगनं, म्हणजे वाळूचा जोरात मारा करून, "नव्यासारखे" करायचं चाललंय असं ऐकतेय, ते करू नका, हात जोडून सांगते. सँडब्लास्टिंगनं मळ जातो आणि मळाबरोबर घडणावळीची धार पण जाते, खांबावरच्या किचकाचे, म्हणजे छत तोलून धरलेल्या त्या यक्षाचे, डोळे गुळगुळीत होतात, मग ते आपल्या आजोबांनी बघितलेलं देऊळ राहत नाही. सांधे चुन्यात भरता येतात, चुना मऊ असतो, दगडाला धरून राहतो, सिमेंट कडक होतं आणि पुढं दगडालाच तडा देतं. हे सांगायला गावात कुणीतरी जाणकार यायला पाहिजे होता, आणि तो आला नाही हा दोष तुमचा नाही. पण आता तुम्हाला कळलंय.

कुणी म्हणालं, सासरी गेलेल्या मुलीनं माहेरच्या देवळात किती बोलावं. मी बोलणार. माझी ओटी तिथं भरलीय.

माझ्या मागण्या लिहिते. मोठ्या नाहीत.

आमच्या घाटातले जे तीन वीरगळ पिचिंगमध्ये दिसतात ते मशीन न लावता, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, हातानं मोकळे करावेत. बाकीचे चार वीरगळ आणि सतीशिळा शोधावी, भराव कुठं टाकला ते कॉन्ट्रॅक्टरला माहीत असणारच, त्याला विचारा, त्याच्यावर केस करा असं मी म्हणत नाही. सापडलेले दगड गावातच ठेवावेत, पाराजवळ, ओट्यावर, वर साधी पत्र्याची शेड चालेल. शहरात नेऊन कुठल्या गोडाऊनला ठेवू नका. त्यांना नारळ फोडणारी माणसं गावात आहेत.

देवळातल्या लेखाचं ग्रील आजच्या आज काढावं, भोकं सिमेंटनं बुजवू नयेत. पेंट काढायचं काम शिकलेल्या माणसाकडूनच करावं, तोवर कुणी थिनर, ॲसिड, वायरब्रश काही लावू नये. मग लेखाचा ठसा घ्यावा आणि उरलेल्या ओळी तरी वाचाव्यात. वाचन झालं की ते मराठीत गावाला सांगावं, देवळासमोर, माईकवर. मी टाईप करून, छापून, लॅमिनेट करून देते, एक रुपया नको.

जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांची यादी करावी, सीना, भीमा, माण, भोगावती, आधी याच काठांची, कारण पूर इथंच येतो आणि पुराच्या दुरुस्तीची कामं इथंच निघतात. प्रत्येक गावात कुठं वीरगळ, कुठं सतीशिळा, कुठं गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड), कुठं लेख, कुठं बारव, फोटो आणि जागा लिहून ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद करावी आणि एक प्रत शाळेत लावावी. यासाठी मोठा फंड लागत नाही. कॉलेजची पोरं आहेत, इतिहासाचे प्राध्यापक आहेत, गावातल्या म्हाताऱ्या बायका आहेत ज्यांना प्रत्येक दगड माहीत आहे. त्यांना विचारायला जा फक्त. मंगळवेढा, वेळापूर, माचणूर या नावाच्या जागा आहेत, तिथं अभ्यासक जातात, औरंगजेबाची छावणी 1695 पासून 1699 पर्यंत माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला होती हे पुस्तकात आहे, पण त्या वाटेवरच्या मधल्या गावात काय आहे ते कुणीच लिहिलेलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाट, पिचिंग, रस्ता, सभामंडप, जीर्णोद्धार, कुठल्याही कामाचं एस्टिमेट करताना एक ओळ घालावी की साईटवरचे कोरीव दगड हलवायच्या आधी फोटोसह कळवायचं, आणि कुणाला कळवायचं त्या साहेबांचं नाव न् फोन नंबर त्याच ओळीत पाहिजे. एकच नंबर. ती ओळ असती तर आमच्या मिस्त्रीनं फोन केला असता. तो तसा माणूस आहे.

या पत्राला उत्तर लेखी द्यावं ही विनंती आहे, "कार्यवाही सुरू आहे" एवढंच नको, कोण येणार आणि कधी येणार ते लिहावं. मिरग लागायच्या आत हे झालं पाहिजे. घाटाची खालून तिसरी पायरी पहिल्या पाण्यात बुडते, दरवर्षी बुडते, आणि एकदा सीनेला पाणी आलं की दिवाळीपर्यंत तिथं कुणाला उतरता येत नाही. आत्ता नदी आटलीय, चार गायी उन्हात स्पष्ट दिसतात. रविवारी माझं दुकान बंद असतं. कुठल्याही रविवारी या, मी बरोबर येते आणि दगड कुठं कुठं आहेत ते दाखवते, गुरवकाका पण यायला तयार आहेत, त्यांना मी विचारलंय.

कळावे,
आपली नम्र,
सीनाकाठची एक माहेरवाशीण, सोलापूर